एकशे बारा मीटर

चितळे रोडवर वीज आली, दुकानांपुढे फुटपाथवर धडधडणारे जनरेटर एकापाठोपाठ एक बंद झाले, आणि महेंद्रच्या तोंडात एकदम साखरेची चव आली. चहा अजून यायचा होता. सकाळपासून त्यानं गोड असं काही खाल्लं नव्हतं. तरी जिभेवर साखर, आणि तीही नुसती, कोरडी, दाताखाली कुरकुरणारी. समोर चार माणसं त्याच्याकडे बघत होती, त्यामुळे चेहरा होता तसाच ठेवणं भाग होतं. मार्चातला शनिवार, दुपारचे बारा वाजून गेलेले, आणि शिलाधर मिनरल्सला तांबं लागलंय हे त्यानं या चौघांना नुकतंच इतकं स्वच्छ पटवून दिलं होतं की त्याला स्वतःचंच कौतुक वाटत होतं. अशा वेळी तोंड गोड झालं तर ते आनंदानं झालं असं समजावं. त्यानं तसं समजून पाहिलं. पण ते पटेना.

जागा म्हणजे गोरक्षनाथचं झेरॉक्सचं दुकान. पुढे झेरॉक्स, मागे पडद्याआड शेअरचे फॉर्म, एक फोन आणि पुण्याच्या दलालाचा नंबर. पंच्याण्णव साल. नगरात त्या दिवसांत दाढी करताना न्हावीसुद्धा नव्या इश्शूबद्दल विचारायचा. दर शनिवारी इथं मंडळी जमायची. पारनेरचे आबासाहेब मार्केट यार्डात कांदा उतरवून यायचे. एस्टीतून रिटायर झालेले कंडक्टर कारभारी यायचे, आणि औषधाच्या दुकानातले एक गृहस्थ, ज्यांनी दोन वर्षांत तोंड उघडल्याचं कुणाला आठवत नव्हतं पण जे सगळ्यात जास्त शेअर घ्यायचे. आणि महेंद्र. सुप्याच्या एका कारखान्यात तो स्टोअरकीपर होता. तिथं दिवसभर त्यानं नटबोल्टांच्या पेट्या सांभाळायच्या आणि कुणी त्याला काही विचारायचं नाही, असा रिवाज होता. इथं मात्र तो आल्याशिवाय चहा सांगितला जात नसे. कारण तरुणपणी नऊ वर्षं तो सरकारी बोअरच्या मशीनवर होता. जमिनीच्या पोटात काय असतं ते या दुकानात फक्त त्यानंच पाहिलेलं होतं, आणि शिलाधर मिनरल्स चांद्याच्या पलीकडे जंगलात जमिनीच्या पोटातच तांबं शोधत होती.

त्या जंगलाकडे यांच्यापैकी कुणी फिरकलेलं नव्हतं. कंपनी सांगेल तेवढंच कळणार, आणि कंपनी फार थोडं सांगायची. आधीच्या वर्षी तिचा अहवाल चोवीस पानांचा होता, यंदा सोळा पानं आली. अध्यक्ष मशीनशेजारी हेल्मेट घालून उभे असल्याचा रंगीत फोटो होता, तोही नाहीसा झाला. दुसऱ्या कुणी याचा अर्थ कंपनीची तब्येत बिघडली असा काढला असता. पण दुकानात तसा विचार एकाच्याही मनाला शिवला नाही. आबासाहेबांचं म्हणणं असं की काष्टीच्या बैलबाजारात खरा सौदा रुमालाखाली होतो, बोटं धरून. जो मोठ्यानं ओरडून भाव सांगतो त्याच्या बैलात खोड असते. कंपनीनं आता रुमाल टाकलाय. महेंद्रनं यावर फार काही बोलायची गरज नव्हती, नुसती मान डोलावली तरी पुरे व्हायचं. त्याला हे मान डोलावणं फार आवडायचं. घरी भारती, त्याची बायको, नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण होती आणि तिच्यापुढे त्याच्या मान डोलावण्याला काडीची किंमत नव्हती. ती म्हणायची, न बघितलेल्या वस्तूबद्दल तुम्ही पुरुष किती तपशिलानं बोलता.

आणि काल पेपरात ती सूचना आली. गोरक्षनाथनं कात्रण कापून काचेखाली ठेवलं होतं. इंग्रजीत दोन ओळी. तिसऱ्या भोकाचं काम एकशे बारा मीटरवर थांबवण्यात आलं आहे, पुढील तपशील यथावकाश कळवू. बाकी काही नाही. सकाळी गोरक्षनाथ जरा बावरलेला होता, पुण्याचा दलाल फोनवर काही बरं बोलला नव्हता म्हणे. महेंद्रनं सूचना कालच वाचली होती, तरी कात्रण पुन्हा वाचलं, आणि त्याला हसूच आलं. पुण्याच्या माणसाला काय कळणार. ज्यानं जन्मात उन्हाळ्यात बोअर मारताना पाहिली नाही त्याला या ओळीतली गंमत दिसणार कशी. आपल्याकडे मशीन कधी थांबतं, असं त्यानं कारभारींना विचारलं. कारभारी म्हणाले, पाणी लागल्यावर. बस, एवढंच. या भागात कोरड्या भोकावर मशीन थांबवत नाहीत. दोनशे फुटांवर धूळ उडाली तर मालक म्हणतो अजून पन्नास जाऊ द्या. आणि शेवटी आशा सोडलीच तरी मशीनवाले कॉम्प्रेसर बंद करत नाहीत. आवाज चालूच ठेवतात, त्या आवाजात पाइप वर ओढतात, गाडीवर चढवतात आणि निघून जातात. कारण आवाज बंद झाला रे झाला की वस्तीवरून बाया नारळ घेऊन धावत येतात, आणि त्यांच्या तोंडाकडे बघायची हिंमत कुणात नसते. म्हणून पाइप भोकात असताना शांत झालेलं मशीन म्हणजे पाणी. हे पारनेरच्या शेंबड्या पोरालाही कुणी न सांगता ठाऊक असतं. कंपनी गेली, निघून आली, असं लिहिलंय का? नाही. थांबली असं लिहिलंय.

"म्हंजी लागलं म्हना की," आबासाहेब म्हणाले.

"दुसरं काय," महेंद्र म्हणाला.

औषधाच्या दुकानातल्या गृहस्थांनी खिशातून पेन काढलं आणि गोरक्षनाथकडे खुणेनं अजून शंभरचा फॉर्म मागितला. तेवढ्यात वीज आली, जनरेटर थांबले, आणि ती साखर.

चहा आला, तो त्यानं घेतला, पण चव गेली नाही. मग आत्याकडे सुप्याला जायचं निमित्त सांगून तो उठला. निमित्त कसलं, खरंच जायचं होतं. आत्या म्हणजे बनाबाई, वडिलांची धाकटी बहीण. पारनेरच्या मुलींच्या वसतिगृहात वीस वर्षं नोकरी करून ती मागच्या वर्षी रिटायर झाली. हातात आलेली सगळी रक्कम तिनं महेंद्रच्या शब्दावर शिलाधरमध्ये घातली होती. दहाचा शेअर आता सव्वीसवर होता. मुलाच्या घरी सुनेशी तिचं भांडण नव्हतं, भांडण असतं तर बरं असं ती म्हणायची. नुसतं तिला तिथं कुणी हाक मारत नसे. सुप्याच्या स्टँडमागे दोन खोल्या विकायला होत्या, अंगणात स्वतंत्र नळ. मालकानं येत्या बुधवारपर्यंत थांबतो म्हणून कबूल केलं होतं. आजच्या भावानं विकले तर खोल्या येत होत्या, शिलकीत काही राहत नव्हतं. परवा तिनं निरोप पाठवून विचारलं होतं, विकू का? आणि पेपरातली सूचना वाचल्यावर महेंद्रनं काल कारखान्यातून सुटल्यावर वाटेत उतरून तिला सांगितलं होतं की अजिबात विकू नकोस. भाव पन्नासला जाईल. खोल्या दुसऱ्या मिळतील, आणि मोठ्या मिळतील. आज तो पुन्हा एकदा, तिला नीट समजावून, धीर देऊन येणार होता.

माळीवाड्याच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागलेली होती. खिडकीची जागा मिळाली. केडगाव मागं पडलं, तशी दोन्ही बाजूंची घरं संपली आणि उन्हानं पांढरं पडलेलं रान लागलं. या रस्त्यानं तो तीन वर्षं रोज जात होता आणि खिडकीबाहेर कधी बघत नव्हता. आज बघत होता, कारण डोळे मिटले की दुकानातली ती शांतता परत कानात भरत होती. असं का व्हावं. वीज आल्यावर रस्त्यावरचे बाकीचे लोक खूश झाले होते, शेजारच्या कापडवाल्यानं तर पंखा लागला म्हणून हात जोडले होते. शांतता चांगलीच असते. मशीन थांबलं की काय होतं, चांगलंच होतं, आत्ता तर तो हेच सांगत होता. मग चास गेलं, आणि घाटात ड्रायव्हरनं उतारावर इंजिन बंद केल्यासारखं केलं, गाडी नुसती घरंगळत खाली निघाली, आणि त्या बिनआवाजाच्या अर्ध्या मिनिटात महेंद्रला ती साखर कुणी दिली होती ते आठवलं.

आत्यानंच दिली होती. त्र्याहत्तर साल, दुष्काळाचं. तो वीस वर्षांचा, मॅट्रिक, सरकारी मशीनवर रोजंदारीचा कारकून. किती फुटांवर कसला दगड लागला, ओल आहे की नाही, ते त्यानं वहीत लिहायचं. आत्याच्या सासरची वस्ती सुप्यापासून चार कोसांवर, छप्पन साली बौद्ध झालेली सतरा घरं. टँकर गावात थांबायचा, वस्तीच्या वाट्याला तळाचा गाळ यायचा. आत्यानं तालुक्याला खेटे घालून, अर्जावर अर्ज देऊन मशीन वस्तीवर आणवलं होतं. तिचं म्हणणं होतं ओढ्याकाठच्या चिंचेखाली घ्या. साहेबानं जागा दाखवली ती समाजमंदिरासमोर, गाडी उभी करायला सोयीची. दिवसभर मशीन चाललं. एकशे सत्तर फुटांपर्यंत नुसती पांढरी धूळ, चुना उडावा तशी. आणि संध्याकाळी डिझेल संपलं. इतकंच झालं होतं. कॉम्प्रेसरनं दोन आचके दिले आणि तो बंद पडला. पाइप भोकातच. ड्रिलर डबे घेऊन जीपनं पारनेरला गेला. महेंद्र एकटा वही काखेत धरून उभा राहिला. त्याला वाटलं, आता पाच मिनिटांत कुणीतरी येऊन विचारेल आणि मग सांगू. पण विचारायला कुणी आलंच नाही. सगळे नाचायला आले. सतरा घरांतली माणसं, म्हातारी, पोरं, आणि सगळ्यांच्या पुढे आत्या, पदरात रेशनची साखर घेऊन. त्या साली साखर कुणाच्या घरात होती? तिनं कुठून आणली कोण जाणे. तिनं त्याची मूठ उघडली, मग मुठीचं पुरेना म्हणून सरळ तोंडातच साखर घातली. भाच्याच्या मशीनला पाणी लागलं. किती लागलं, असं कुणीतरी विचारलं. तोंडात साखर होती. तो म्हणाला, उद्या कळेल.

खोटं तो बोलला नाही. हे त्यानं तेव्हाही मनाशी म्हटलं होतं आणि बसच्या खिडकीशी बसून आत्ताही म्हटलं. दोनशे फुटांपर्यंत जायची परवानगी होती, अजून तीस फूट बाकी होते, तीस फुटांत काहीही होऊ शकतं. दुसऱ्या दिवशी दुपारी डिझेल आलं ते दुसऱ्या गावचा हुकूम घेऊनच. त्यांनी कॉम्प्रेसर चालू केला, त्या आवाजात पाइप काढले आणि निघाले. वस्तीला वाटलं, यांचं काम झालं, आता हातपंपवाले येतील. महिन्यानं ते आलेही, त्यांनी भोकात दगड टाकला आणि तो कोरडा वाजला. तोवर महेंद्र श्रीगोंद्याकडे होता. त्याला कुणी जाब विचारला नाही. लोक म्हणाले, लागलं होतं, पण आटलं. दुष्काळच तसा होता. आणि वर्षांमागून वर्षं गेल्यावर त्यालाही तसंच वाटायला लागलं, की लागलं होतं आणि आटलं.

वहीतली ओळ मात्र त्याला आता अक्षरासकट दिसली. त्याचंच, जरा डावीकडे कललेलं अक्षर. एकशे सत्तर फूट, कोरडं, डिझेल संपल्यानं काम थांबवलं. यातले मधले शब्द गाळले तर काचेखालचं कात्रण उरत होतं. चांद्याच्या जंगलात असाच कुणी वही काखेत धरून उभा असेल, आणि मधले शब्द त्याच्या वहीत असतील. किंवा नसतीलही. लागलंही असेल तांबं. महेंद्रनं स्वतःची बाजू घेऊन बराच वेळ वाद घातला. कंपनी म्हणजे काही वीस वर्षांचा पोरगा नव्हे. कंपनीत इंजिनिअर असतात, तिला कायदा असतो. पण नऊ वर्षं मशीनवर काढली म्हणून दुकानात त्याला मान होता, आणि नऊ वर्षांत थांबलेल्या मशीनबद्दल जे एकच खरं त्याला ठाऊक होतं ते सोडून बाकी सगळं त्यानं चौघांना सांगितलं होतं. याची त्याला लाज वाटली. अगदी कान तापेपर्यंत लाज वाटली. कंडक्टरनं सुपा, सुपा म्हणून दांडीवर ठोकलं तेव्हा त्याच्या मनात एवढं पक्कं झालेलं होतं की आत्यानं सोमवारी विकायचं. कुणीतरी ते शेअर घेणारच होतं, आज दुपारी तो स्वतः होता तितकंच ठाम असलेलं कुणीतरी. त्या माणसाचं काय करायचं ते त्याला सुचलं नाही. परत जाऊन दुकानातल्या चौघांना सांगायचं, एवढं करता येण्यासारखं होतं. पिशवीत ट्रान्सफरचा फॉर्म होता, तो नेहमीच असायचा.

आत्या घरी नव्हती. सुनेनं सांगितलं, स्टँडमागं गेल्यात. त्या दोन खोल्यांचं दार उघडं होतं. आतल्या रिकाम्या खोलीत आत्या भिंतीशी उभी राहून हाताच्या विती टाकत होती, खाट कुठवर येईल ते बघत. त्याला पाहून ती ओशाळली. किल्ली द्यायला आले होते, म्हणाली, मालकाला नाही म्हणून सांगायला. जाता जाता एकदा बघितलं. मग तिनं त्याला अंगणात नेऊन नळ दाखवला. सकाळी तासभर येतो, सोडला की धार चांगली पडते. विकत न घ्यायच्या घराचा नळ ती कौतुकानं दाखवत होती, आणि तिच्या बोलण्यात कुरकुर म्हणून नव्हती. पन्नासचा भाव झाला की याहून चांगलं घेऊ असं त्यानंच सांगितलं होतं ना.

तो म्हणाला, आत्या, नको. विकून टाक. सोमवारी विकू, मी फॉर्म आणलाय, गोरक्षनाथ ओळखीवर बुधवारच्या आत पैसे देईल. तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. तिला वाटलं, तिला वाईट वाटू नये म्हणून हा माघार घेतोय. ती म्हणाली, मला घाई नाही, इतकी वर्षं गेली तशी अजून दोन जातील. तो म्हणाला, तिथं तांबं लागलं की नाही ते मला माहीत नाही. मशीन का थांबलं ते मला माहीत नाही.

ती हसली. "थांबलं म्हंजी लागलं. ह्ये तू मला शिकवतोस व्हय? माज्या दारात थांबल्यालं मी बघितलंय."

आता दुसरा इलाज उरला नव्हता. तिच्या दारातलंच सांगावं लागणार होतं. तो नळाजवळच्या धुण्याच्या दगडावर बसला आणि बोलायला लागला. डिझेल संपलं होतं, म्हणाला. पाणी नव्हतं, ओलसुद्धा नव्हती. मी वहीत कोरडं म्हणून लिहिलं होतं आणि वही माझ्या काखेत होती. तुम्ही सगळे आलात तेव्हा मला ठाऊक होतं. हे सांगताना आवाज कापेल असं त्याला वाटलं होतं, पण तो नीट निघाला, दुकानात निघायचा त्याहून नीट. सांगून झाल्यावर मात्र त्याला वर बघवेना. आत्या उभीच होती. रडेल, शिव्या देईल, नाहीतर जाऊ दे रे म्हणेल, या तिन्हींची त्यानं तयारी करून ठेवली होती. तिनं यातलं काहीच केलं नाही. तिनं नळाची तोटी उगाच घट्ट पिळून पाहिली.

"मशीन दुसऱ्या दिशी दुपारपत्तुर वस्तीवं हुतं," ती म्हणाली.

"होय."

"त्याच सांच्याला बोलला असतास, तर आमी साऱ्या बाया मशीनीम्होरं बसलो असतो. चिंचंखाली खनल्याबगर जाऊच दिलं नसतं."

त्यानं फॉर्म काढून तिच्या हातात दिला. सही कुठं करायची ते दाखवायला तो पुढे झाला, पण तिनं हातानंच त्याला थांब म्हटलं आणि खिडकीच्या कट्ट्यावर, उजेडात कागद ठेवून, पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.